शेवटी येणारा 'नको'

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंत झाली. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे तेव्हाही कळत नव्हतं, आता तर हात वळेल तशी देते. ही वही मुलीच्या गणिताची आहे, चौकटीची. मागची पानं कोरी राहिली होती म्हणून घेतली. वाचायला कोणी नाही, पण चुकून तिच्या हाती लागली तर तिनं हसू नये म्हणून माफी मागून ठेवते. इतकी वर्षं या हातानं दोर ओढला. पेन त्याला बारीक पडतं, सारखं निसटतं.

लिहायला बसले खरी, पण बसवत नाही. समोर नवीन बिल्डिंग चढते आहे, सहावा मजला झाला. सकाळी मिक्सर सुरू होतो आणि वरून ओरडाओरड सुरू होते. वर कोणी ओरडलं की माझी मूठ आपोआप आवळते. हातात मेथीची जुडी असली तर तिचा चुरा होतो. घरचे म्हणतात, "खिडकी लाव ना मग." लावली की ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की जास्तच धडधडतं. म्हणून खिडकी उघडी ठेवते आणि उठबस करत राहते. आज ठरवलंय, उठायचं नाही. माझ्या कामावरच्या जोडीदारणीचे चौदाशे रुपये माझ्या गप्प बसण्यानं गेले होते, ते कसे परत आले एवढं लिहून मगच उठायचं.

माझं माहेर डोंबिवलीच्या खाडीकाठचं, कोळ्यांचं. लग्न झालं तेही त्याच गावात, चार घरं सोडून. खाडीत कंपन्यांचं पाणी यायला लागलं तसे मासे कमी झाले. जे मिळत त्यांना रॉकेलसारखा वास यायचा, बाजारात गिऱ्हाईक टोपलीत वाकून बघायचं आणि पुढे जायचं. घरचे रेतीच्या होडीवर जायला लागले आणि मी बिगारी कामाला. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. डोंबिवलीत भाताच्या खाचरांत चार-चार मजली बिल्डिंगा उठत होत्या. काम शोधावं लागत नव्हतं, सकाळी नाक्यावर उभं राहिलं की झालं.

आमच्या टोळीचा मुकादम साताऱ्याकडचा, पन्नाशीतला. सगळे त्याला मामा म्हणायचे. तोंडाचा फटकळ, पण कोणाची हजेरी कधी खाल्ली नाही. माझी जोडीदारीण जालन्याकडची, दुष्काळात नवरा आणि दोन लेकरं घेऊन आलेली. तिचं तोंड दिवसभर चालू आणि माझं बंद. ती म्हणायची, "कोळणे, आपल्या दोघींत मिळून एकच तोंड दिलंय देवानं. ते माझ्याकडंच राहू दे, तू हरवशील." मुकादमाकडे पाण्याचं पिंप मागायचं असलं तरी माझ्या वतीनं तीच जायची. पुरुषांसमोर माझा आवाज घशातच अडकायचा. अजूनही अडकतो.

आमचं काम कप्पीवर. वरच्या स्लॅबला बांबू बाहेर काढून त्याला कप्पी बांधलेली. तिच्यातून दोर खाली यायचा. डोलात, म्हणजे लोखंडी बादलीत, विटा नाहीतर कालवलेला माल भरायचा आणि आम्ही दोघींनी ओढायचा. डोल वर पोचला की एकीनं दोर धरून ठेवायचा, दुसरीनं पुढचा माल भरायला जायचं. वरच्या माणसानं डोल आत ओढून स्लॅबवर टेकवला की तो ओरडायचा, "सोड!" मग दोर ढिला करायचा. दिवसातून शंभर वेळा तरी "सोड" ऐकायचे. हात डोक्याला न विचारताच ढिला व्हायचा.

दिवाळीनंतरचे दिवस होते. चौथ्या मजल्यावर मामा स्वतः डोल घ्यायला उभा होता. विटांनी भरलेला डोल वर गेला. मी दोर धरून उभी. बाजूला मिक्सर घरघरत होता. जोडीदारीण खाली सांडलेल्या विटा गोळा करत होती, बरोबर कप्पीच्या खाली. तिथंच सांडायच्या, तिथंच गोळा करायच्या, कोणाला त्यात काही वाटायचं नाही. वरून मामाचा आवाज आला, "सोड!"

मी सोडला.

डोल अजून मामाच्या हाती लागलाच नव्हता. विटा आधी आल्या, मागून डोल आला. जोडीदारीण एक पाय ओढून बाजूला झाली, दुसरा राहिला. तो गुडघ्याखाली मोडला. ती ओरडली नाही. तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली, जणू मी तिला काहीतरी सांगणार होते.

मामा धडाधड जिना उतरून आला. "सोडू नको, सोडू नको म्हणून बोंबलतोय मी! कानात बोळे घातले होते काय गं?" मग माझं तोंड बघून त्याचा आवाज खाली आला. "दोर निसटला ना? हाताला घाम आला असेल. निसटला ना गं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

एवढीच माझी चूक असती तर मी ही वही उघडली नसती. संध्याकाळी शेठ हॉस्पिटलात आला. शेठ म्हणजे आमचा ठेकेदार, इथलाच, आगऱ्यांतला, गळ्यात चेन. पायात सळई घालायची होती, बाहेरून आणायची होती. शेठनं पैसे भरले आणि मामाला विचारलं, "ही खाली मरायला कशाला गेलेली? डोक्यावर माल लटकतोय नी ही विटा वेचतेय! आपली काय चूक यार? उचल लिही हिच्या नावावर." मामा म्हणाला, "शेठ, दोर निसटला." शेठ म्हणाला, "निसटला तर निसटला. खाली नसती तर लागला असता काय?"

चौदाशे रुपये तिच्या नावावर उचल म्हणून लिहिले गेले. मी पायरीवर बसून पदर पिळत होते. उठून एवढंच सांगायचं होतं की तिची चूक नाही, मामानं "सोड" म्हटलं आणि मी सोडला. पण मामा तर "सोडू नको" म्हणत होता. सगळ्या टोळीला तो ओरडताना दिसला होता. माझ्याच कानात बिघाड आहे असं मला वाटलं. घरी जाऊन कानात कोमट तेल घातलं, दोन-तीन दिवस घातलं. कान चांगले होते. खाडीवरून होडीचं वल्हं वाजलेलं मला घरात ऐकू यायचं. मग "सोडू नको"चं "सोड" कसं ऐकलं मी?

चार-पाच महिन्यांनी ती परत आली. पाय वाकडा जुळला होता. वर चढायचं, ओढायचं काम तिला जमेना, म्हणून मामानं वाळू चाळायला बसवलं. तिथं मजुरी कमी. त्यातून दर शनिवारी शेठचा माणूस पंधरा रुपये कापून घ्यायचा. मी रांगेत तिच्या मागेच उभी असायचे. तो म्हणायचा, "उचलीचे पंधरा," आणि ती म्हणायची, "काप बाबा, काप. पाय माझा गेला तर पैसे बी माझेच जाऊ दे." लोक हसायचे. ती पण हसायची. मी पुढे बघायचे.

तेव्हापासून मला स्वस्थ बसवेना. सगळ्यांच्या आधी साइटवर जायचे आणि दोर तपासायचे. आमच्याकडे बाप जाळ्याचा दोर डोळे मिटून दोन बोटांतून सोडायचा, कुठं सुंभ उलगडलं असेल तिथं बोट थांबतं. तसा मी कप्पीचा सगळा दोर बोटांतून सोडायचे. झिजलेला दिसला की कापून टाकायचे, मग मामाला नवा आणावा लागायचा. कप्पीच्या खाली विटांचं गोल रिंगण मांडायचे आणि कोणी आत आलं की हातानं बाजूला करायचे. पुरुष चेष्टा करायचे, "कोळणीनं देव बसवला बघा. नारळ फोडू का?" परांचीच्या बांबूंच्या गाठी हलवून बघायचे. रिकामी असले तरी मान वर. घरी जाताना रस्त्यात दुसऱ्यांच्या बिल्डिंगखालीसुद्धा मान वर. दोनदा खड्ड्यात पडले.

जोडीदारीण चाळणी हलवत बघत बसायची. एकदा म्हणाली, "काय गं, एवढं काय खातंय तुला? पाय माझा मोडला, आणि लंगडतीयेस तू."

मी म्हटलं, "काय नाय गो."

असं दीड वर्ष गेलं. मग एका सुट्टीच्या दिवशी माहेरी गेले. बाप आता खाडीत फारसा जात नव्हता, पण त्या दिवशी भाऊ होडी घेऊन गेला होता आणि भरतीच्या पाण्यात परत येत होता. वारा सुटलेला. बाप काठावर उभा राहून त्याला ओरडत होता, "धर! धर!" भावानं नांगराचा दोर हातात धरला होता. मी जाळ्याची गाठ मारत बसले होते. माझ्या तोंडून सहज निघालं, "बाबा, 'सोडू नको' सांग ना त्याला. सोडेल तो."

बाप माझ्यावर खेकसला, "दोर हातान असताना 'नको' बोलाचा नाय! येवरी मोठी झाली तरी कल्ला नाय तुना?"

मी विचारलं, का.

"वाऱ्यान बोलण्याचं शेपूट जातं गो. आपला 'नको' शेपटाला. 'सोडू नको' बोललं तर पोराच्या कानान काय जाईल? 'सोडू.' मंग तो सोडल." आणि परत पाण्याकडे तोंड करून, "धर!"

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. लहानपणी होडीवर हे शंभरदा ऐकलं होतं. बाप कधी 'ओढू नको' म्हणायचा नाही, 'थांब' म्हणायचा. 'उठू नको' म्हणायचा नाही, 'बस' म्हणायचा. खाडी सोडून जमिनीवर आले आणि विसरले. मिक्सरच्या आवाजानं शेपूट खाल्लं होतं. मामा खरं बोलत होता, आणि माझे कानही खरे होते.

आता तरी सांगायचं ना. रोज ठरवायचे. सकाळी चहाला सांगू, चहा झाला की दुपारी सांगू. सांगायचं म्हणजे आधी हे सांगावं लागणार की दोर निसटला नव्हता, मी सोडला होता. तिथंच अडायचं. तोपर्यंत तिची उचल फिटायलाही आली होती. शेवटचे पंधरा कापले त्या शनिवारी तिनं टोळीला भजी खाऊ घातली. मी भजं हातात घेतलं, ते तसंच कागदात गुंडाळून घरी नेलं आणि खाडीत टाकलं.

त्यानंतर शेठला ठाण्याला वर्तकनगरकडे मोठं काम मिळालं, एका कॉलनीतल्या तीन अर्ध्या राहिलेल्या बिल्डिंगा. आम्ही टेम्पोतून जायचो. तिथला इंजिनीयर म्हातारा, शांत, आम्हाला बायकांनासुद्धा 'अहो' म्हणणारा. पहिल्याच सकाळी त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं. "काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं रोज बोलायचं. काल कोणाला काय लागलं, कुठं भीती वाटली, ते सांगायचं. सांगणाऱ्याची हजेरी कापली जाणार नाही." पुरुष पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे राहिले. मामा पुटपुटला, "भीती वाटली म्हणं. शाळा हाय काय ही?"

इंजिनीयरनं पिवळ्या टोप्याही आणल्या होत्या. दोन दिवसांत एका टोपीत चुना कालवलेला दिसला आणि एकीत कोणीतरी केळी ठेवली होती. बायकांची वेगळीच अडचण, डोक्यावर टोपी घातली तर घमेल्याची चुंबळ कुठं ठेवायची? जोडीदारणीनं ते गोलात उभं राहून विचारलं, "साहेब, एक डोकं आन् दोन टोप्या. कुठली काढू?" साहेब हसला नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून परांचीखालून डोक्यावर घमेली न्यायचं बंद झालं, जड माल सगळा कप्पीनंच वर जाणार आणि कप्पीखाली रिंगण. रिंगण बघून मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "घे, तुझ्या देवाला सरकारी मान्यता मिळाली."

मग साहेबानं विचारलं, "पाटी लिहायची आहे. लिहिता कोणाला येतं?" जोडीदारणीनं मला ढकललं. "हिला येतं! चार बुकं शिकलीया." चार बुकं म्हणजे चौथी. मला जमीन फाटेल तर बरं असं झालं. चुन्याचा डबा आणि ब्रश हातात आला. प्लायवूडची एक फळी, साहेब सांगत होता, "इथे कोणीही उभे राहू नये." माझं अक्षर मोठं, ओळ वर चढत गेली. "इथे कोणीहि ऊभे राहु" इथपर्यंत आले आणि फळी संपली. 'नये'साठी दुसरी लहान फळी घेतली, तिच्यावर लिहिलं, खिळ्यानं खाली ठोकली.

दुसऱ्या दिवशी सेंट्रिंगवाल्याला फळीचा तुकडा कमी पडला. त्यानं 'नये' काढून नेला.

सकाळी पाहिलं तर पाटी काय सांगत होती, इथे कोणीही उभे राहू. आणि दोन नवीन बिगारी तिच्याखाली उभे राहून तंबाखू मळत होते. मामा खिंकाळला, "बघा, बाईनं बोलावलंय म्हणून आले!" सगळे पोट धरून हसले. साहेबसुद्धा हसला.

मला हसू आलं नाही. माझ्या तोंडून आवाज निघाला. मोठा निघाला, मलाच अनोळखी वाटला. "साहेब, हेच झालं होतं!"

सगळे माझ्याकडे वळले. कोळीण बोलली म्हणून वळले असतील. साहेब म्हणाला, "काय झालं होतं? सांगा."

मी फळीकडे बोट केलं. "'नको' शेवटी येतो. तो पडतो. वरून 'सोडू नको' ओरडलं तर खाली 'सोड' येतं."

मामाचा चेहरा बदलला. "ए, काय बोलतीस? मी चांगला मोठ्यांदा ओरडलो होतो."

"ओरडून बघू," साहेब म्हणाला. "मिक्सर चालू करा. मुकादम, तुम्ही वर जा. यातले कुठलेही शब्द, कुठल्याही क्रमानं ओरडा. धर, सोड, सोडू नको." त्यानं प्रत्येकाला सांगितलं की शेजाऱ्याकडे न बघता, ऐकू येईल ते हातानं दाखवायचं. मूठ म्हणजे धरला, पंजा म्हणजे सोडला.

मिक्सर घरघरला. मामा चौथ्या मजल्यावरून ओरडला. मला बघायची भीती वाटत होती, तरी बघितलं. पहिल्यांदा सगळ्यांच्या मुठी. दुसऱ्यांदा सगळ्यांचे पंजे. तिसऱ्यांदा परत पंजे, दोन-चार मुठी सोडल्या तर. साहेबानं हात करून मामाला खाली बोलावलं. "दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा काय ओरडलात?"

"दोनी टायमाला सोडू नको!"

"यांनी दोन्ही वेळा सोडला."

मामाचा विश्वास बसेना. "सगळी मिळून माझी खेचताय." मग त्यानं गवंड्याला वर पाठवलं आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, कानामागे हात धरून. गवंडी ओरडला. मामाचा पंजा हळूहळू उघडला. मग वर बघून तो ओरडला, "काय म्हणलास रं?" वरून उत्तर आलं, "सोडू नको म्हणलो की मामा!"

मामा आपल्या उघड्या पंजाकडे बघत राहिला.

तेव्हा मी बोलले. साहेबाकडे बघून बोलता आलं नाही, जोडीदारणीकडे बघून बोलले. "त्या दिवशी दोर निसटला नव्हता. मामा ओरडला नी मी सोडला. मना 'सोड' ऐकू आलं. मामानं विचारलं तेव्हा खोटी मान हलवली."

मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल, शिवी देईल. तिच्यासारखी बोलकी बाई. ती चाळणी उचलून वाळूच्या ढिगाकडे गेली, लंगडत. दुपारी भाकरी घेऊन दुसऱ्या बायकांत बसली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मी पाणी घ्यायला गेले तर पिंपाशी उभी होती. म्हणाली, "सोडलास ते सोडलास. मिक्सर होता, समजलं. पण दर शनिवारी माझ्यामागं उभी राहून पंधरा-पंधरा रुपये कापताना बघितलंस. दोन वर्षं. तवा कुठला मिक्सर चालू होता गं?"

मी पाणी न घेताच दोराकडे परत गेले.

मी घरच्यांना सांगितलं, तिचे पैसे परत करायचे. ते म्हणाले, "चौदाशे? आपल्याकडं?" मी म्हटलं, आठवड्याला जमेल तेवढे. पण ते आधी मामाकडून सुरू झालं. मामा शनिवारी शेठच्या टेबलासमोर गेला, साहेब बाजूला उभा होता, आम्ही रांगेत. मामा म्हणाला, "शेठ, बाईची उचल चुकीची होती. ओरडणारा मी. माझ्या कमिशनातनं कापा." शेठ म्हणाला, "अरे, दोन वर्षांपूर्वीचं काय उकरतोस? खाली कशाला उभी होती, विचार तिला." मामानं विचारलं नाही. म्हणाला, "तवा रिंगण कोणी घातलं होतं? तुमी, का मी?" शेठनं साहेबाकडे बघितलं. साहेब एवढंच म्हणाला, "कामावर लागलेल्या माणसाचा खर्च मजुरीतून कापायचा नसतो. मी माझ्या वहीत तसं लिहिणार आहे." शेठ चेन कुरवाळत बसला. अजून दोन बिल्डिंगा बाकी होत्या आणि साहेबाच्या सहीशिवाय बिल पुढे जात नव्हतं. "ठीक आहे रे बाबा. अर्धे माझे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

बाकी सातशे. मामा म्हणाला, सगळे मी देतो. मी मान हलवली, या वेळी नाही म्हणून. आवाज फुटायला वेळ लागला, पण फुटला. "निम्मे माझे. दोर माझ्या हातात होता."

त्या साइटवरच आमचे शब्द ठरले. धर, सोड, थांब, सरक. चारच. दोर हातात असताना 'नको' बंद. वरून "सोड" आलं तरी खालच्या बाईनं आधी विचारायचं, "सोडू?" आणि दुसऱ्यांदा "सोड" आल्याशिवाय मूठ उघडायची नाही. पहिले आठ दिवस पुरुष वैतागले, एका डोलाला दोनदा ओरडायचं म्हणजे घसा जातो म्हणून. मामा म्हणायचा, "घसा बसला तर काढा देतो. पाय बसला तर काय देऊ?" नवीन माणूस आला की त्याला आधी मिक्सरशेजारी उभं करून पंजा-मूठ करायला लावायचे, मग हजेरी. सकाळच्या दहा मिनिटांत बायका बोलायला लागल्या, कुठली फळी हलते, कुठल्या जिन्याला कठडा नाही. मी रोज बोलले नाही. पण दोर तपासून झाला की "ठीक आहे" एवढं म्हणायचे आणि मगच काम सुरू व्हायचं. पाटी मी पुन्हा लिहिली. "सरक. वर काम चालु आहे." या वेळी एकाच फळीत मावली. चालूचा लू चुकला होता म्हणे, साहेबानं तसाच ठेवला.

तिथं तीन बिल्डिंगा पूर्ण झाल्या. मामाचं बोट एकदा कप्पीत चेमटलं आणि एका गवंड्याच्या पायात खिळा गेला, ते दोन्ही साहेबाच्या वहीत आहे. कप्पीवरून कोणावर काही पडलं नाही.

मला तरी अजून चैन नाही. घरात मुलीला कधी 'पळू नको' म्हटलं नाही, 'थांब' म्हटलं. ती म्हणते, आई तू कुत्र्याला सांगतात तसं सांगतेस.

शेठनं दोन वेळा मिळून सातशे दिले. मामाचे दिवाळीच्या आधी फिटले. माझे आठवड्याला दहा-दहा. दर शनिवारी पगार घेऊन मी वाळूच्या ढिगाकडे जायचे आणि ती हात पुढे करायची. पहिले काही शनिवार तिनं हात पुढे केला पण तोंड वळवून. मग कधीतरी तोंड समोर आलं. एकदा माझ्या मुलीला ताप होता, तेव्हा म्हणाली, "या आठवड्याला ऱ्हाऊ दे." मी दिले. ती म्हणाली, "मर मग," आणि पदराच्या टोकातून चणे काढून माझ्या हातावर ठेवले. त्यानंतर भाकरीला परत माझ्या शेजारी बसायला लागली, पण पहिल्यासारखी माझ्या वाटणीचं बोलेना. पिंप हवं असेल तर म्हणायची, "तूच जा. तुला येतं आता."

शेवटच्या शनिवारी ती वाळूवर बसली होती. मी दहाची नोट दिली. तिनं ती उन्हात धरून बघितली, घडी केली, कमरेच्या पिशवीत घातली. मग म्हणाली, "लिही."

तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं सुरुवातीपासून एका पुठ्ठ्यावर माझ्याकडून रेघा मारून घेतल्या होत्या, एका शनिवारी एक. मी पस्तिसावी रेघ मारली. खाली एक शब्द लिहिला.

"काय लिहिलंस?"

"फिटले," मी म्हटलं.

"समदं?"

मी तिच्या पायाकडे बघितलं. वाळूत लांब केलेला होता.

"पैसे," मी म्हटलं. "पैसे फिटले."

तिनं पुठ्ठा माझ्या हातातून घेतला, पिशवीत टाकला आणि चाळणीचं दुसरं टोक धरायला मला हात केला.